तोन्या, कॅमेरा तुझ्यावरच होता

तोन्या, तुला मराठी येत नव्हतं. तरी हे मराठीतच लिहितोय, कारण मला तुझ्यावर ओरडायचंय आणि इंग्रजीत मला नीट ओरडता येत नाही. इतकी वर्षं कुवेतच्या ऑफिसांत अकाउंट्स सांभाळून माझं इंग्रजी 'काइंडली' आणि 'रिगार्ड्स' यांच्यामध्ये अडकून पडलंय. तुझं पोर्तुगीज मला कधी आलंच नाही. आपण दोघं जे काही बोलायचो, थोडं इंग्रजी, थोडं अरबी, थोडं हिंदी आणि उरलेले हातवारे, त्यात विनोद होत होते, भांडणंही होत होती. पण एवढा राग त्यात मावत नाही. माझा राग कोल्हापुरी आहे, त्याला ऐसपैस जागा लागते.

तर पहिला राग शोकसभेचा. तू गेल्यावर पुढच्याच आठवड्यात इथल्या मराठी मंडळानं महबूल्यातल्या आपल्या नेहमीच्या हॉलमध्ये घेतली. समई, हार, अगरबत्ती, सगळं रीतसर. फोटो कुठून शोधला देव जाणे. चेंडूवर पाय ठेवून, कमरेवर हात घेऊन तू हसतोयस. चेंडू असा पायाखाली दाबून ठेवलेला मी तुला मैदानात एकदाही पाहिला नाही. तुझ्याकडे आलेला चेंडू एक क्षण थांबला तरी तुला चोरी केल्यासारखं वाटायचं.

मग एकेक जण उठून बोलायला लागला. एकानं तुला ब्राझीलचा जादूगार केलं. दुसरा म्हणाला, त्यांच्या पायात सांब्याची लय होती. सांबा! अरे, मागच्या गणपतीत माझ्या बायकोनं, वैशालीनं, तुला हाताला धरून नाचायला ओढलं, तेव्हा तू खांबासारखा उभा राहिलास आणि म्हणालास, "वहिनी, मी त्या ब्राझीलचा नाही." तू दक्षिणेकडच्या थंडगार गावातला, जिथं हिवाळ्यात गवतावर बर्फासारखं दहिवर पडतं आणि माणसं डुकरं पाळतात आणि कमी बोलतात. समुद्र तू मोठेपणी पाहिलास. हे मी तिथं सांगू शकलो असतो. पण शोकसभेत रागावून बोललं की लोक पाणी आणून देतात. म्हणून खुर्चीतून उठलोच नाही.

तू जादू करायचा नाहीस, तोन्या. जादू बघायला लोक बसतात, तुझ्याकडे कोणी बघायचंच नाही. तू मधल्या फळीतला, बचावाच्या अगदी पुढ्यात उभा राहणारा. तुमच्या गावातल्या छोट्या क्लबातून तू निघालास, पोर्तुगालात दुसऱ्या दर्जाच्या संघात खेळलास, मग सायप्रस, आणि गुडघे कुरकुरायला लागल्यावर इथं कुवेतला. सगळीकडे हेच काम. समोरच्या संघाला जिथून पास द्यायचा असेल तिथं तू आधीच जाऊन उभा. मग तो बिचारा दुसरीकडे पास देणार, तो चुकणार, आणि टाळ्या आपल्या बचावपटूला. तू जिथं उभा असायचास तिथं काही घडायचंच नाही, कारण तू तिथं उभा होतास. आता असलं काही वर्तमानपत्रात कोण छापणार?

मला मात्र दिसायचं. मी कोल्हापूरचा. आमच्याकडे फुटबॉल तालमीतून येतो, पेठेपेठेत संघ असतात, आणि वर्ल्ड कपला गल्लीत अर्धी घरं ब्राझीलची आणि अर्धी अर्जेंटिनाची होतात, सख्खे भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत. तसल्या गावातून मी इथं आलो आणि तुझ्या क्लबाच्या मॅचेसना जाऊन बसायला लागलो. तुमच्या मॅचला स्टेडियम रिकामंच असायचं. थोडे कुवेती म्हातारे, थोडे पोलीस आणि मी. आणि मी गावाकडच्या सवयीनं ओरडायचो. चेंडू तुझ्याकडे यायला लागला आणि पाठीवर कोणी धावून येताना दिसला की मी स्टँडमधून बोंबलायचो, "मागंऽऽ!"

आमच्याकडे असंच असतं. चेंडू घेणाऱ्याला पाठीमागचं दिसत नाही, म्हणून बाकीच्यांनी ओरडायचं. न ओरडणारा खेळाडू आमच्या तालमीत टिकत नाही. खेळ येत नसला तरी चालतं.

मग तो अबू हलीफातला बकाला, ते कोपऱ्यावरचं किराणा दुकान, आठव. कोथिंबीर पिवळी पडलेली, दुकानदार ती ताजी म्हणून माझ्या गळ्यात मारतोय, आणि मी त्याच्यावर आवाज चढवलेला. पाठीमागून कोणीतरी म्हणालं, "मागा?" वळून बघतो तर तू. हातात दुधाची बाटली, पायात चपला. चेहरा मी ओळखलाच, पण तू माझा आवाज ओळखलास. "यू आर मागा, मागा! एव्हरी मॅच." मग त्याचा अर्थ विचारलास. मी दुकानदाराला तिथंच उभा करून, तुला खांद्याला धरून फिरवून, पाठीवर टिचकी मारून अर्थ सांगितला. तू इतका हसलास की दुकानदारानं कोथिंबीर फुकट दिली.

त्या दिवसापासून मी मागा झालो. मला आईबापांनी दिलेलं चांगलं नाव आहे, तू ते कधी विचारलंही नाहीस. आणि आम्ही तुझ्या अंतोनियोचा, तुझ्या आईच्या तोन्योचा, तोन्या केला. आमच्याकडे दिल्या, पक्या, संज्या असतात, त्यात तोन्या कुणाला खटकला नाही.

पण हसून झाल्यावर तू जे म्हणालास, त्यावरून आपला वाद सुरू झाला आणि तो तू अर्धवट टाकून गेलास. तू म्हणालास, "थँक यू मागा, पण मला त्याची गरज नाही. मी आधीच बघितलेलं असतं."

खरंच होतं ते. चेंडू तुझ्याकडे निघण्याआधी तुझी मान वळायची. एकदा डाव्या खांद्यावरून, एकदा उजव्या. चेंडू आला तेव्हा तुला सगळं माहीत असायचं, कोण कुठं आहे, कुठं जागा आहे. म्हणून तुला चेंडू अडवायला लागायचा नाही, एका स्पर्शात तो पुढं जायचा. शुक्रवारी सकाळी आम्हा पोट सुटलेल्या मराठी मंडळींबरोबर खेळायला यायला लागलास तेव्हा तू आम्हाला हेच शिकवायचा प्रयत्न केलास. "नेक, मागा, नेक!" म्हणून माझी मान धरून वळवायचास. मी म्हणायचो, "खुळ्या, मान कशाला मोडून घेऊ? ओरडायला माझी माणसं हायत की." तू म्हणायचास, ओरडेपर्यंत उशीर झालेला असतो. ज्यानं स्वतः बघितलं त्याला कुणाच्या ओरडण्याची वाट बघावी लागत नाही. मी म्हणायचो, फुटबॉल मानेनं नाही, तोंडानं खेळतात. कराक चहाच्या पेल्यांवर हा वाद किती शुक्रवार चालला असेल. तू शांतपणे वाद घालायचास, त्यामुळे माझं डोकं जास्त फिरायचं.

आता ऐक, मला काय कळलं ते. खेळ थांबल्यावर तू पोरांना शिकवायचास त्या अकादमीतला तो इजिप्शियन कोच, गोलकीपरांना शिकवणारा, तो शोकसभेनंतर बाहेर पार्किंगमध्ये मला धरून रडला. म्हणाला, तुला छातीत दुखत होतं. डॉक्टरनं तपासण्या सांगितल्या होत्या. तू पोरांची स्पर्धा संपली की करतो म्हणालास. आणि त्याला बजावलंस, "मागाला सांगू नकोस. तो ओरडेल."

तोन्या, मी गाडीत बसलो आणि एसी लावायचंही मला सुचलं नाही. तो ओरडेल म्हणे! मग काय करणार होतो मी, आरती ओवाळणार होतो? ओरडलोच असतो. अबू हलीफाच्या तुझ्या बिल्डिंगखाली उभा राहून ओरडलो असतो, कॉलर धरून हॉस्पिटलात नेला असता, तिथल्या रांगेत तुझ्या शेजारी बसून दिवसभर ओरडलो असतो. त्यासाठीच तर माणूस असतो. तू सगळ्या मैदानाकडे बघणारा, दोन्ही खांद्यांवरून मान वळवणारा, तुला हे दिसत नव्हतं असं नाही. दिसत होतं. तू बघितलं होतंस आणि कुणाला सांगितलं नाहीस. संध्याकाळी पोरं घरी गेल्यावर मैदानातले सरावाचे शंकू गोळा करताना तू खाली पडलास. मैदान मोकळं. ओरडायला एकही माणूस नाही. म्हणजे आपल्या वादात मी बरोबर होतो. मी जिंकलो, झालं समाधान? मला असलं जिंकणं नकोय. ते तू परत घे आणि शुक्रवारी खेळायला ये.

तुझ्या मुलीचंही तसंच. लुइझा. तू युरोपात खेळायला गेलास तेव्हा ती पाळण्यात. पुढं तिची आई आणि तू वेगळे झालात, आणि तू वर्षातून एकदा जायचास, खेळणी घेऊन, मग कपडे घेऊन, मग नुसता फोन. मी किती वेळा म्हणालो, "बास झालं आता. खेळ संपला, गुडघे संपले. घरी जा. पोरगी कॉलेजात गेली, तुला ती ओळखते तरी का?" तू म्हणायचास, "पुढच्या वर्षी." मी आवाज चढवला की तू माझ्याकडे बघून शांतपणे विचारायचास, "आणि तू, मागा? तू कधी जाणार?" माझी मुलगी समोर बसून मला इंग्रजीत उत्तरं देत असते, कोल्हापूर तिला सुट्टीतलं गाव वाटतं, आणि माझा इकामा, इथं राहायचा परवाना, दर खेपेला पुढं वाढतो. तू नेमक्या जागी पास मारायचास रे. मला तो कधी परतवता आला नाही.

मागच्या आठवड्यात लुइझाचा मेसेज आला. इंग्रजीत, साधा. "तुम्ही मागा आहात का? बाबा तुमच्याबद्दल सांगायचे." पुढं तिनं लिहिलं होतं की सगळे मला म्हणतात, 'तुझे वडील मोठे खेळाडू होते', पण मी त्यांना खेळताना कधीच पाहिलं नाही. मी लहान होते तेव्हा ते लांब होते, मोठी झाले तेव्हा ते थांबले होते. इंटरनेटवर शोधलं तर दोन गोल आणि एक लाल कार्ड सापडलं. तुमच्याकडे काही आहे का?

माझ्याकडे! मी क्लबात गेलो. तिथल्या पोरानं सभ्यपणे मला तुझ्या निरोपाची फिल्म दिली, क्लबानं तू गेल्यावर बनवलेली. संगीत लावलेलं, वर तुझं नाव. त्यात काय, तर तो गोल. तुला आठवतो का, मला आठवतो. चेंडू तुझ्या नडगीला लागून आत गेला होता. तू वळून लांब जात होतास, तुला कळलंही नव्हतं. चार वेगवेगळ्या बाजूंनी तोच गोल, हळू करून, परत परत. मी त्याला विचारलं, बाकीचं? त्यानं जुन्या मॅचेस काढून दाखवल्या. बघत बसलो. तू कुठंच नाहीस. चेंडू येतो, तुझा पाय दिसतो, चेंडू गेला की कॅमेरा त्याच्यामागे निघून जातो. त्या पोराची तरी काय चूक? कॅमेरा चेंडूमागे जातो, सगळ्या जगात जातो. आणि तू सगळं आयुष्य चेंडू यायच्या आधी खेळलास. तुझा सगळा खेळ चौकटीच्या बाहेर सांडून गेला.

रागारागात घरी आलो तर बापटचा फोन. बापट पुण्याचा, आयटीतला, मंडळाचा क्रीडा सचिव. म्हणाला, आपण आपल्या स्पर्धेत तोन्याच्या नावानं करंडक ठेवतोय, सर्वाधिक गोल करणाऱ्याला. मी म्हणालो, "बापट, त्याला शिवी का देताय?"

"अहो, शिवी कसली? सन्मान आहे हा."

"ज्यानं आयुष्यभर गोल दुसऱ्याला करायला लावले त्याच्या नावानं गोलांचं बक्षीस? उद्या आचाऱ्याच्या नावानं सगळ्यात जास्त जेवणाऱ्याला बक्षीस द्या."

"मग काय द्यायचं? गोलाच्या आधीच्या पासच्या आधीच्या पासला? तो मोजणार कोण, तुम्ही?" बापटही चिडला. "आणि एक सांगतो, तोन्यानं मला पास दिला म्हणून मी गोल केला. माझ्या आयुष्यातला एकुलता एक गोल. त्याचं मला काहीच वाटत नसेल का? पण त्याचा पुरावा कुठंय? वहिनींनी ठेवलाय का काही?"

आणि ते ऐकून आम्हा दोघांनाही एकाच वेळी तेच आठवलं.

तो क्रीडा महोत्सव तुला आठवत असेलच. मंडळानं तुला प्रमुख पाहुणा म्हणून बोलावलं होतं. फेटा बांधला, शाल पांघरली, हातात नारळ दिला. तू नारळ कानाशी हलवून बघितलास आणि मला विचारलंस की हा आत्ताच फोडून प्यायचा का. आदल्या वर्षीच्या कार्यक्रमात प्रमुख पाहुण्यांचा एकही धड फोटो आला नव्हता, बक्षीस देणारे हात तेवढे आले होते, आणि त्यावरून समितीत मोठं महाभारत झालं होतं. त्यामुळे या खेपेला चित्रीकरण वैशालीकडे दिलं तेव्हा बापटनं तिला पुन्हा पुन्हा बजावलं होतं, "वहिनी, काही झालं तरी प्रमुख पाहुणे फ्रेमच्या बाहेर जाता कामा नयेत."

मग मॅचमध्ये माझ्या आणि बापटच्या संघाला माणूस कमी पडला, आणि तू शाल घडी करून खुर्चीवर ठेवलीस, कुणाचे तरी बूट घातलेस आणि मैदानात उतरलास. वैशालीला कोणी सांगितलं नाही की आता सूचना बदलली. तिनं ऐकल्याप्रमाणे केलं. मॅच संपेपर्यंत तिनं मोबाइल तुझ्यावरून हलवला नाही.

नंतर हॉलमध्ये पडद्यावर तो व्हिडिओ लावला तेव्हा काय हशा झाला! चेंडू नाही, गोल नाही, गोलपोस्टसुद्धा नाही. नुसता तू. कुठंतरी लांबून आरडाओरडा ऐकू येतोय आणि पडद्यावर तू मान वळवून उभा. बापटच्या गोलाच्या वेळी तर तू पास देऊन आरामात परत चालत आलास आणि कॅमेरा तुझ्याबरोबर परत आला. बापट खुर्चीतून उठून ओरडला, "अहो, माझा गोल!" मी सगळ्यांदेखत वैशालीला म्हणालो, अगं मॅचमध्ये कॅमेरा कशावर ठेवायचा असतो? ती म्हणाली, "मला पाहुण्यांचं सांगितलं होतं, मी पाहुण्यांचं काढलं. चेंडूचं कोणी सांगितलं नव्हतं." आणि तू, गाढवा, सगळ्यात जास्त हसत होतास.

फोन ठेवून मी वैशालीकडे बघितलं. ती कणीक मळत होती. "तो व्हिडिओ आहे का गं?"

"कुठला, तुम्ही सगळे माझ्यावर हसला होतात तो? आहे की. तो माणूस त्यात चांगला आलाय, कशाला काढून टाकू?"

आम्ही दोघांनी तो पहिल्यापासून बघितला. तोन्या, मी तुला इतकी वर्षं स्टँडमधून बघितलं, मैदानात शेजारी उभा राहून बघितलं, पण मीही चेंडूच बघत होतो. हे मला माहीतच नव्हतं. पडद्यावर तू चालतोयस. सारखा थोडा थोडा सरकतोयस, दोन पावलं इकडे, एक मागे, जणू पाहुणे जेवायला बसलेत आणि तू कुणाच्या पानात काय कमी आहे ते बघतोयस. मान डावीकडे, मान उजवीकडे. हातानं आमच्यातल्या कुणाला तरी खुणावतोयस, तिकडे जा. मग कुठूनतरी चेंडू चौकटीत येतो, तुझ्या पायाला लागतो, आणि निघून जातो. तू त्याच्याकडे बघतही नाहीस, तू पुढच्या जागेकडे निघालेला. लांब कुठंतरी लोक ओरडतात, गोल झाला असणार. सगळे तिकडे पळतात, आणि तू एकटा, कमरेवर हात ठेवून धापा टाकत उभा. तिथं वैशालीचा आवाज येतो, अगदी जवळून, "अहो, ह्यांना पाणी द्या की कुणीतरी. सगळे त्या बापटांकडेच पळाले." वैशालीनं पदराला डोळे पुसले. म्हणाली, "तेव्हासुद्धा नाहीच दिलं कुणी."

बापटला बोलावून दाखवला. तो बघत राहिला. स्वतःचा गोल चौकटीबाहेर झाल्यावर व्हिडिओ मागं घेऊन त्यानं तुझा पास पुन्हा बघितला, मग पुन्हा. जाताना दारात बूट घालता घालता म्हणाला, "करंडकाचं बघू आपण. गोलांचं नको." मी म्हणालो, "वहिनींना आधी सॉरी म्हणा." तो म्हणाला, "तुम्ही म्हणालात का?" वैशाली आतून म्हणाली, "दोघांनीही म्हटलं नाहीये अजून."

व्हिडिओ लुइझाला पाठवताना माझा हात अडला. तुझ्या पोरीनं बापाची जादू बघायची वाट बघितलेली, आणि मी तिला काय पाठवतोय, उसन्या बुटांतला एक दमलेला माणूस, पोट सुटलेल्या अकाउंटंटांच्या मध्ये चालतोय. मी खाली लिहिलं, यात चेंडू फारसा नाही, पण तुझे बाबा असेच खेळायचे. चेंडू शोधू नकोस, त्यांच्याकडेच बघ.

दोन दिवस उत्तर नाही. मला वाटलं, तिला वाटलं असेल हा म्हातारा वेडा आहे.

मग उत्तर आलं. ती म्हणाली, मी पहिल्यांदा चेंडूचीच वाट बघितली, मग कंटाळले, मग परत लावला. ती म्हणाली, मी पण अशीच चालते, पाय किंचित बाहेर टाकून, आईला ते आवडत नाही. त्या बाई काय म्हणतात ते तिनं विचारलं. मी सांगितलं, पाणी द्या म्हणतात. तिनं लिहिलं, त्यांना माझा नमस्कार सांगा, त्यांनी माझ्या बाबांकडे बघितलं.

आणि मग तिनं एक प्रश्न विचारला. व्हिडिओत कोणीतरी सारखं एकच ओरडतंय, मागा, मागा, ते तुम्हीच ना? मी म्हणालो, हो. त्याचा अर्थ सांगितला. तिनं लिहिलं, "पण त्यांचं तर आधीच बघून झालेलं असतं. तुम्ही ओरडायच्या आधी त्यांची मान वळलेली असते, दर वेळी." मी लिहिलं, हो, तेच त्यांचं म्हणणं होतं, माझ्या ओरडण्याची त्यांना गरज नव्हती.

"मग ते बोट का वर करतात?"

मी विचारलं, कसलं बोट?

"डाव्या हाताचं. पाठीमागे, कमरेजवळ. तुम्ही ओरडलात की दर वेळी ते न वळता एक बोट वर करतात. ऐकलं, म्हणाल्यासारखं. दुसरं कोणी ओरडलं तर नाही करत. मी परत परत बघितलं. फक्त तुमच्या आवाजाला."

मी पुन्हा लावला. वैशालीला हाक मारली, ती हात पुसत येऊन शेजारी बसली. "मागंऽऽ!" माझा आवाज, घोगरा, मूर्खासारखा. तुझी मान आधीच वळून झालेली. आणि तुझा डावा हात, कमरेच्या मागं, चेंडूच्या आणि सगळ्या जगाच्या पाठीमागं, एक बोट वर. पुन्हा ओरडलो, पुन्हा बोट. जिथं जिथं मी ओरडलोय तिथं तिथं. मी चेंडू बघत होतो रे. मला एकदाही दिसलं नाही.

गरज नाही म्हणत होतास ना? इतके शुक्रवार चहा पिऊन माझ्याशी वाद घातलास ना? मग हे मला तोंडानं सांगायला काय झालं होतं तुला? आणि ज्या दिवशी खरंच ओरडायला हवं होतं, त्या दिवशी म्हणालास, मागाला सांगू नकोस.

काल शुक्रवार होता. आम्ही खेळलो. तुझ्या जागेवर मी उभा राहिलो, कारण बाकी कोणी उभं राहीना. चेंडू माझ्याकडे निघाला तेव्हा मी पहिल्यांदाच मान वळवून पाठीमागं बघितलं, तू सांगायचास तसं, डाव्या खांद्यावरून, मग उजव्या. मान कट्कन वाजली. तेवढ्यात बाजूनं बापट ओरडला, "मागं!" मी आधीच बघितलं होतं. तरी मी डावा हात कमरेमागं नेला आणि बोट वर केलं.